रुपेशची लाट
दुपारचं जेवण उरकून वैजू पडवीत आडवी होते, झोपायचं नाही असं ठरवूनच. आत आयेचं पुन्हा तेच सुरू आहे. रुपेशचा देह समुद्राने दिला नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा. भटजी आज विचारायला येणार. वैजूने फक्त हो म्हणायचं, आणि तिथेच तर घोडं अडलंय. भर पावसाळ्यात भावाचा लाटांवर स्वार व्हायचा लाँगबोर्ड एकटाच किनाऱ्याला लागला, तेव्हापासून ती हट्ट धरून बसली आहे: पोहत कुठेतरी लागला असेल, येईल.

तो नऊ फुटी बोर्ड तिच्या शेजारीच जमिनीवर पडलाय. पाय घसरू नयेत म्हणून रुपेश त्यावर मेण घासायचा, त्याचा वास अजून गेलेला नाही. वैजू बोर्डवर हात ठेवते. डोळे जड होतात.

"ताये, जरा सरक."

पडवी हलते. खाली पाणी आहे आणि बोर्डवर तिच्यामागे रुपेश उभा आहे. मागून लाट येते आणि दोघांना झोपाळ्यासारखी अलगद उचलते. ती मोठ्याने हसते. किती दिवसांनी! रुपेश तिला ओलांडून, पावलापुढे पाऊल टाकत टोकाकडे निघतो, घरात पाणी प्यायला निघावं इतका निवांत. टोकावर पायांची बोटं बाहेर काढून उभा राहतो.

"ये गो. भिया नको."

ती जाते, त्याच्याशेजारी उभी राहते. समुद्र असा पायाखालून धावत असला की दुसरं काही नको वाटतं.

लाट स्वयंपाकघरातून जाते. आये भाकरी थापतेय, वर बघत नाही. लाट शाळेच्या व्हरांड्यातून जाते, रिकाम्या मासळी बाजारातून जाते. फुटत मात्र कुठेच नाही.

"रुप्या, किनारो खंय?"

"नाय."

आता तिचं लक्ष त्याच्या पायांकडे जातं. पांढरे, सुजलेले, कातडी सुटलेली.

"लाट संपली काय माणूस उतारता, बोर्ड खाकेत मारून घराक जाता," तो म्हणतो. "माझी संपनाच नाय. तू माका थांबवन ठेवलंस."

"मी तुझी वाट बघतंय!" ती चिडते.

"तांच." तो तिच्याकडे बघतो. "पाय दुखतत गो, ताये."

"उतारलस तर परत येतलस?"

तो मान हलवून नाही म्हणतो. ती त्याचा हात घट्ट धरते. हात बर्फासारखा गार आहे.

"वैजू! भटजी इले!"

तिच्या मुठीत बोर्डची कड आहे. टोकाजवळच्या मेणात रुपेशच्या चवड्यांच्या खुणा आहेत, ती रोज बघते त्याच. त्यांच्याशेजारी आज आणखी दोन उमटल्या आहेत, लहान. वैजू आपले तळपाय वळवून बघते. ते मेणाने पांढरे झालेत.

ती बोर्डवरून एकदा हात फिरवते. मग उठते.

"आये," ती म्हणते, आणि आवाज फुटतो. "हो म्हणान सांग तेंका."

दारापर्यंत जाताना तिचं प्रत्येक पाऊल जमिनीला चिकटतं, आणि दर वेळी ते तिला ओढून सोडवावं लागतं.