हेमलताबाईंनी परत केलेलं कार्ड

हेमलता उजागरे यांच्या घरी साडेआठचं जेवण आठ वाजून एकतीस मिनिटांनी वाढलं गेलं, तर त्याची चौकशी होते. नवरा यतीन आता याला सरावलेला माणूस. तो म्हणतो, "आमच्याकडे वरणालासुद्धा रिपोर्टिंग टाइम आहे." बाईंना हे टोमणे लागत नाहीत. लग्न होऊन त्या नगरहून दिल्लीला आल्या, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून चिकटल्या, सेक्शन ऑफिसर झाल्या, फरीदाबादला सेक्टर पंधरामध्ये फ्लॅट झाला. या तीस वर्षांत ऑफिसच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे उशिराची लाल खूण एकदाही पडलेली नाही. त्याचा त्यांना गर्व आहे, आणि तो त्या लपवतही नाहीत.

मोटारींच्या शर्यतीत ही बाई शिरली तीसुद्धा याच गुणामुळे. चोवीस वर्षांपूर्वी ऑफिसातले भाटियाजी म्हणाले होते, "मॅडम, हमारे क्लब की रैली है. घड़ी देखकर साफ अक्षर में टाइम लिखनेवाला कोई नहीं मिलता." बाई गेल्या आणि तिथल्याच झाल्या. गाड्यांचं त्यांना आजही फारसं कळत नाही. कुठली कोणती कंपनी, किती ताकदीचं इंजिन, हे विचारलंत तर त्या तुम्हालाच उलट विचारतील. पण रॅलीतली वेळ त्यांना कळते.

ही वेळेची भानगड एकदा समजून घ्यायला हवी. रॅलीत गाड्या एकमेकींच्या अंगावर धावत नाहीत. एकेक सुटते, बंद केलेल्या रस्त्यावर जीव खाऊन पळते, आणि मग पुढच्या चौकीवर हजेरी लावते. ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा सोबती हातात वेळेचं कार्ड घेऊन उतरतो आणि चौकीच्या टेबलावर देतो. कोणत्या मिनिटाला द्यायचं ते ठरलेलं असतं. उशीर झाला तर मिनिटाला दहा सेकंदांचा दंड. आणि लवकर दिलं तर? एक मिनिट लवकर म्हणजे पुरत्या एका मिनिटाचा दंड. कार्ड टेबलावरच्या माणसाच्या हातात आलं की घड्याळात जे मिनिट असेल तेच लिहायचं. सोबत्याला सांगायचं नाही, खुणावायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय मालिकेची डांबरी रस्त्यावरची फेरी अरवलीच्या टेकड्यांत आली. जपानी, मलेशियन, न्यूझीलंडचे चमू आले. पाचव्या चौकीची प्रमुख म्हणून बाईंचं नाव लागलं. आंतरराष्ट्रीय फेरीत पहिल्यांदाच. रविवार होता, यतीनला म्हणाल्या, "चर्चला तू एकटाच जा, पाळकांना सांग मी ड्यूटीवर आहे." पहाटे पाचला त्या गळ्यात ओळखपत्र अडकवून निघाल्यासुद्धा.

चौकी होती कीकरांच्या, म्हणजे बाभळीच्या, रानाला लागून. छत्रीखाली टेबल, टेबलावर घड्याळ, शेजारी निवृत्त भाटियाजी थर्मास घेऊन. सकाळपासून बाईंना स्वस्थ बसवत नव्हतं. पेन तीनदा बदललं. घड्याळ मुख्य घड्याळाशी दोनदा जुळवलं. गाड्यांनी वळणं कापताना कडेची माती डांबरावर ओढून आणली होती, ती रस्त्यावर पसरलेली दिसली तरी त्यांचा जीव वरखाली होई.

नऊ वाजून सोळा मिनिटांनी एका गाडीचा सोबती, मानस, धावत आला. हा फरीदाबादचाच मुलगा, मानेसरच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट करणारा. भारतीय जोड्यांच्या गटात त्याची गाडी पहिली होती. या गटात जो जिंकेल त्याला पुढच्या फेरीसाठी परदेशी जायला मिळणार होतं. त्याने धापा टाकत कार्ड पुढे केलं. त्याचं मिनिट होतं सतरावं. बाईंनी वर पाहिलं, त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, त्याची चूक झाली आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, नऊ सोळा. मानसने कार्ड परत घेतलं, वाचलं, आणि तो जागच्या जागी खालीच बसला.

"बच्चे का दिन खराब हो गया," भाटियाजी हळहळले.

"घड़ी किसी की सगी नहीं होती, भाटियाजी," बाई म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर, हे म्हणताना त्यांना थोडं बरंही वाटलं.

दुपारी गाड्या दुसऱ्या फेऱ्यात त्याच चौकीवर आल्या. दोन वाजून तेवीस मिनिटांनी एक पांढरी गाडी थांबली आणि एक मुलगी हेल्मेट काढत टेबलाकडे धावली. वाटेत खडीवर पाय घसरला, तशी ती ओरडली, "आई गं! गेलं मिनिट माझं!"

गेलं नव्हतं. तिचं मिनिट होतं चोविसावं. पण तिने कार्ड पुढे केलं, ते बाईंच्या बोटांत आलं, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं थांब! अजून मिनिट आहे तुला."

नुसतं बोलून त्या राहिल्या नाहीत. त्यांनी कार्ड तिच्या हातात परत ढकललं.

मुलगी दचकली. तिने मनगटावर पाहिलं, ओठ चावला, आणि ती चाळीस सेकंद टेबलासमोर पुतळ्यासारखी उभी राहिली. चोविसावं मिनिट लागलं तसं तिने कार्ड दिलं. बाईंनी लिहिलं, दोन चोवीस. या वेळी अक्षर थोडं वाकडं आलं.

"क्या कहा आपने उसको?" भाटियाजींनी विचारलं.

"कुछ नहीं. संभलके चलो, बोला."

चोवीस वर्षांत बाई या टेबलावर पहिल्यांदाच खोटं बोलल्या. आणि एकदा बोलल्यावर पुढचे दोन तास त्यांचं कशातच लक्ष लागेना. गाड्या येत होत्या, त्या लिहीत होत्या, पण डोळ्यांपुढे आलटून पालटून दोनच हात यायचे, सकाळचा आणि दुपारचा. सकाळी मी काय दगड होते? की दुपारी मी पाघळले? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी मुख्य तळावरच्या फलकावर निकाल लागला. भारतीय गटात पहिली पांढरी गाडी, तेवीस सेकंदांनी दुसरी मानसची. खाली नियमाप्रमाणे लिहिलेलं होतं की निकाल तात्पुरता आहे, चार चाळीसला कायम होईल. म्हणजे हातात अर्धा तास होता. बाई फलकापासून चहाच्या टपरीपर्यंत गेल्या, तिथून परत आल्या. चहा घेतला, तो न पिताच ठेवला.

तेवढ्यात ती मुलगी समोर आली आणि वाकून पाया पडली. "काकू, तुम्ही होता म्हणून वाचले. मी अर्पिता. हे माझे बाबा."

बाबा म्हणजे सुभेदार कृष्णात पाटील, कागलकडचे, पोस्टिंग दिल्ली कँटला. मिशांतून आनंद नुसता ओसंडत होता. "मॅडम, परमुलखात आपलं माणूस लागतंय बघा. पोरीनं सांगितलं मला. म्हटलं, कुठल्या का असंनात, आपल्या आहेत." त्यांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. बाईंनी पेढा घेतला आणि तो तसाच मुठीत धरून ठेवला. तो तोंडात घालण्याची त्यांची हिंमत होईना.

बाजूला जाऊन त्यांनी यतीनला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "अगं, जाऊ दे की यार. कुणाला कळलंय? मराठीत तर बोललीस."

"तेच तर!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की टपरीवाला वळून बघायला लागला. "मराठीत बोलले म्हणूनच तर कुणाला कळलं नाही!"

"मग आता काय करणार आहेस? चोवीस वर्षं घातलीस तिथे. पुन्हा उभी करणार नाहीत तुला. आणि त्या पोरीचं काय?"

त्यांनी फोन ठेवला. चार बावीस झाले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं, आसपास कुणी हसलं तरी त्यांना वाटे आपल्यालाच हसतायत. गेलं तर पोरीचा विमानप्रवास जातो, आपली खुर्ची जाते. नाही गेलं तर? तर काहीच होत नाही. काहीच होत नाही, हेच त्यांना सोसेना. सरकारी नोकरीत मुरलेल्या बाईला अशा वेळी एकच सुचतं. त्यांनी पर्समधून कागद काढला आणि कारच्या बॉनेटवर ठेवून घटनेचा जबाब लिहिला, तारीख, वेळ, चौकी क्रमांक आणि सही यांसकट.

पंचांच्या तंबूत तिघे बसले होते. मुख्य पंच मलेशियाचे एक वयस्क गृहस्थ. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मुलीने तुमच्याकडे मदत मागितली होती?"

"नाही."

"कार्ड तुमच्या हातात आलं होतं, की ती नुसता हात पुढे करत होती?"

इथे एक फट होती. नुसता हात पुढे होता असं म्हटलं असतं तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. बाईंना ती फट स्पष्ट दिसली.

"बोटांत आलं होतं. मी परत दिलं. खरी वेळ दोन तेवीस आहे. मी लिहिलेली खोटी आहे."

"असं का केलंत?"

"चूक झाली," बाई म्हणाल्या. यापेक्षा खरं काही इंग्रजीत सांगणं त्यांना जमलं नाही.

पंचांनी ओळखपत्र मागितलं. बाईंनी गळ्यातली दोरी काढली, ती केसांत अडकली, ओढावी लागली. बाहेर पडल्या तेव्हा मान हलकी वाटण्याऐवजी उघडी पडल्यासारखी वाटत होती.

चार अडतीसला फलकावर नवा कागद चिकटला. मानसची गाडी पहिली. पांढऱ्या गाडीला एक मिनिट दंड, क्रमांक तिसरा.

कृष्णातराव फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी टोपी सारखी केली, बाईंकडे बघून मान लववली आणि पार्किंगकडे चालू लागले. अर्पिता मात्र सरळ बाईंपुढे आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"काकू, चूक माझी होती. एक मिनिट कापलं असतं तर ते मी तिथेच सोसलं असतं. पुढच्या दोन टप्प्यांत भरून काढायला जीव लावला असता. तुम्ही मला अर्धा तास पहिली केलंत आणि मग तिसरी केलंत. मी मागितलं होतं का तुमच्याकडे काही?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "नव्हतं मागितलंस."

पोर पाठ फिरवून बापाच्या मागे गेली. मुठीतला पेढा एव्हाना चिकट झाला होता, तो त्यांनी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

तिकडे मानसच्या ड्रायव्हरला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. ढोल वाजत होता. गर्दीतून मानस बाहेर आला आणि बाईंच्या दिशेने चालत आला. बाई सावरून उभ्या राहिल्या. आता हा आभार मानणार, आणि आपल्याला ते घ्यावे लागणार, या विचारानेच त्यांना कानकोंडं झालं.

पण मानसने आभार मानले नाहीत. तो हसतही नव्हता.

"आंटी, एक बात पूछूँ? सबने बताया मुझे. उसको आपने रोका. मुझे क्यों नहीं रोका?"

नियम, असं उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते खरं नव्हतं. दुपारी नियमच कुठे होता? याच्याच गावात त्या इतकी वर्षं राहत होत्या. याच्याच मंडईत भाजी घेत होत्या. याची आई कदाचित त्यांच्याच रांगेत दुधाला उभी राहत असेल.

"वो मराठी में घबराई थी, बेटा," हेमलताबाई म्हणाल्या. "तुम हिंदी में घबराए थे. बस."

"अच्छा," तो म्हणाला, आणि ढोलाकडे न जाता आपल्या गाडीकडे निघून गेला. तो चिडला असता, चार शब्द बोलला असता, तर बाईंना बरं वाटलं असतं.