बाद झाला की चालकाचं नाव

ट्रॅक्टर उलटा चालवण्याचीही स्पर्धा असते, हे मी पुण्यातल्या नणंदेला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. हसू दे. आमच्याकडे जत्रेत सकाळी बैलगाडे पळतात आणि दुपारनंतर शेजारच्या मोकळ्या रानात ट्रॅक्टर येतात. मागे रिकामी ट्रॉली जोडलेली. पांढऱ्या फक्कीने आखलेल्या दोन रेघांमधून ती ट्रॉली वळणासकट मागे मागे न्यायची, तीही घड्याळ लावून. रेघेला चाक लागलं की बाद. ट्रॉली उजवीकडे वळवायची तर स्टेअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. डोक्याला हे लगेच कळतं, हाताला कळायला वर्षं जातात.

आमच्या ह्यांच्या हाताला ते लग्नाआधीपासूनच कळलेलं होतं. हे कळंबच्या एका बागायतदारांकडे ट्रॅक्टरवर होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो, नात्याने ते आमचे कुणीच नव्हते. वर्षभर नांगरट करायची, ऊस-कांदा ओढायचा आणि जत्रांचे दिवस आले की त्याच ट्रॅक्टरवर स्पर्धेत उतरायचं. ट्रॅक्टर म्हातारा होता. स्टेअरिंग आधी अर्धा वेढा नुसतंच फिरायचं, मग कुठे चाकं हलायची. म्हणून हे वळण यायच्या बरेच आधी स्टेअरिंग फिरवायला लागत. बघणाऱ्याला वाटायचं, या माणसाला झोप लागलीय. पण संध्याकाळी म्हैस आपल्या गोठ्यात शिरते तशी ती ट्रॉली वळणात शिरायची. सतत मागे बघून बघून ह्यांची मान एका बाजूला आखडली होती. जेवायलासुद्धा तिरके बसायचे.

जुन्नर काय, आंबेगाव काय, हे जिथे गेले तिथून ढाल घेऊनच आले. म्हणजे काका घेऊन आले. आमच्याकडची रीत अशी की फेटा मालकाला आणि चालकाला टॉवेल-टोपी, नारळ. माईकवर पुकारायचे तेही मालकाचंच नाव. "अमक्यांचा ट्रॅक्टर पहिला!" जणू ट्रॅक्टर गोठ्यातून आपला आपण चालत आला होता. त्या टॉवेलांनी आमची अख्खी पेटी भरली. मी त्यातल्या निम्म्यांची पायपुसणी केली, आणि मुद्दाम केली.

हे कधी तक्रार करायचे नाहीत. एकदाच जेवता जेवता म्हणाले, "येकदा तरी माईकवर माझं नाव यायला पायजे व्हतं गं." मी म्हटलं, काकांना सांगा की. तर सांगितलं. काका हसले. म्हणाले, "लेका, तू काय परका हायेस व्हय? आपल्या मानसाचं नाव कशाला पुकारायचं?"

'आपला माणूस' या शब्दाची मला तेव्हा चीड यायची. आपला म्हटलं की फेटा नाही, नाव नाही, सगळं घरातल्या घरात. काका वाईट होते असं मी म्हणणार नाही. मी बाळंतपणाला अडले तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती. पण ते काही माझ्या रागाचं उत्तर नव्हतं.

मग शिनोलीकडच्या एका जत्रेत ते शेठ भेटले. मंचरला त्यांचा धंदा, अंगठ्या बोटात मावत नव्हत्या, आणि दारात नवाकोरा ट्रॅक्टर. ह्यांच्यापाशी येऊन हात जोडून म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमी आमच्याकडं या. नाव तुमचं पुकारायचं, फेटा तुमाला. आमी नुसतं टाळ्या वाजवू." ह्यांना आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत हे नुसते हसत होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकांनी अडवलं नाही. "तुझी मर्जी," एवढंच म्हणाले आणि किल्ली मागून घेतली.

पुढच्या जत्रेला शेठने रस्त्यावर मोठा फ्लेक्स लावला. वर पुढाऱ्यांचे फोटो, मधे शेठ, खाली कोपऱ्यात हे. नावही छापलं होतं, फक्त आडनाव दुसऱ्याचंच. मी म्हटलं, बदलून घ्या. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे, फोटो तर आपलाच हाय." मी नवी साडी नेसून, बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीला अगदी खेटून उभी राहिले. बायका तिथे सहसा थांबत नाहीत. मी थांबले.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा सगळं नीट होतं. नव्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंग, एका बोटाने फिरणारं. ते ह्यांना माहीत नव्हतं असं नाही, चार दिवस शेठच्या मळ्यात फिरवून बघितला होता. पण तिथे ना घड्याळ होतं ना माणसं. इथे घड्याळ सुरू झालं, लोक ओरडायला लागले आणि ह्यांच्या हातात तो जुना ट्रॅक्टर आला. वळण यायच्या बरंच आधी ह्यांनी सवयीने स्टेअरिंग फिरवलं. नव्या चाकांनी ते लगेच ऐकलं. ट्रॉली पहिल्याच वळणाच्या अलीकडे आडवी झाली आणि फक्कीची रेघ पुसत पलीकडे गेली.

आणि माईकवर ह्यांचं नाव आलं. पूर्ण नाव, आणि या वेळी आडनावही बरोबर. "चालक बाद!" लोक शिट्ट्या मारायला लागले. रीत मला त्या दिवशी पुरती कळली. जिंकला की मालकाचं नाव, बाद झाला की चालकाचं. त्या माईकवाल्याच्या तोंडात माती घालावी असं मला वाटलं. ज्या नावासाठी माणसाने घर सोडावं तसा काकांचा मळा सोडला, ते असं ऐकायला मिळालं.

शेठ तेव्हा म्हणाले, "हुतंय, ड्रायव्हरसाहेब." पुढच्या जत्रेला हे इतके जपून चालवत गेले की रेघेला चाक लागलं नाही, पण सगळ्यात शेवटचे आले. त्या दिवशी 'साहेब' गळून पडलं, नुसतं 'ड्रायव्हर' राहिलं. ह्यांनी सरावाला ट्रॅक्टर मागितला तर डिझेल काय फुकट येतंय का, असं ऐकून घेतलं. त्यानंतरच्या जत्रेला सीटवर शेठचा भाचा बसला. तो शिकलाच होता त्या स्टेअरिंगवर. ह्यांच्याकडे काम काय, तर ट्रॅक्टर जत्रेपर्यंत नेऊन ठेवायचा आणि धुऊन-पुसून द्यायचा. भाचा जिंकला. फेटा शेठने बांधून घेतला, टाळ्या ह्यांना वाजवाव्या लागल्या. त्याच दुपारी काकांचा म्हातारा ट्रॅक्टरही उतरला होता. त्यावर तळेघरकडचा कुणी नवा चालक होता आणि त्याचा दुसरा नंबर आला. हे दोरीबाहेर उभे राहून त्याचे हात बघत होते. "लई उशिरा फिरवतोय," एवढंच म्हणाले.

महिन्याभरात शेठकडचं काम सुटलं. सुटलं म्हणजे सांगावा आला, येऊ नका म्हणून. मग मीच हट्ट धरला की काकांकडे जाऊ या. काका रागावतील, चार शिव्या घालतील आणि मग किल्ली देतील, असा माझा हिशेब. ह्यांनीही वाटेत तेच मनात धरलं असणार, कारण जुनीच टोपी घालून निघाले होते.

काका पडवीत बसले होते. एरवी आम्ही गेलो की जागेवरूनच ओरडायचे, "काय रं लेका, आता उजाडलं व्हय तुला?" हे उंबऱ्यावरच बूड टेकायचे. त्या दिवशी काका उठून उभे राहिले. म्हणाले, "या पावणं. बसा." आत हाक मारून दोन खुर्च्या मागवल्या. "पावण्यांना चा टाका," म्हणाले. पाऊसपाणी विचारलं, मुलांची शाळा विचारली, सगळं अहो-जाहो करून. आवाजात राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते.

हे खुर्चीच्या कडेला बसले होते. ट्रॅक्टर समोरच्या शेडमध्ये दिसत होता, पण त्याच्याकडे ह्यांनी मान वळवली नाही. कामाचं विचारायला आलेला माणूस कपबशी हातात धरून चहा छान झालाय म्हणाला. पाहुणा दुसरं काय म्हणणार? मला तिथेच रडू आलं आणि मी ते पदराने घाम पुसतेय असं करून पुसलं.

आम्ही उठलो तेव्हा काका चपला घालून फाट्यापर्यंत आम्हाला सोडायला आले. इतक्या वर्षांत ते कधीच सोडायला आले नव्हते.