आवाज परत देणारी पेटी

मेस्त्री तार छेडायचे आणि बोट वर करायचे. "थांब. येता तो." क्षणभराने गिटारचा सूर परत यायचा, मग पुन्हा, दर वेळी थोडा मळका, थोडा मऊ. तो पार विरेपर्यंत त्यांचं बोट खाली येत नसे.

मालवणच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात मी आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. माझ्यासाठी त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात डिलेची, म्हणजे सूर उशिराने परत देणारी, पेटी बनवली. मुंबईहून दोनच चिप मागवल्या होत्या. एक माझी, एक त्यांच्या स्वतःच्या पेटीसाठी.

"आत नक्की होतं काय, मेस्त्री?"

"गवताक आग लागली की बावीवरसून कळशे कशे देतत? ह्या हातातसून त्या हातात. तसो आवाज जाता. दर हाताक थोडो सांडता, म्हणान मऊ."

पेटीला बॅटरीऐवजी एलिमिनेटरने बाहेरची वीज द्यायची सोय होती, पण ऑर्केस्ट्राकडे होता त्याच्या पिनेत अधिक-उणे उलटं होतं. "तो लावू नको हां. बॅटरीच लाव," असं त्यांनी मला तीनदा बजावलं.

देवगडच्या जत्रेत माझा सोलो तोंडावर आला आणि बॅटरी उतरली. मी एलिमिनेटर लावला. कट्ट असा आवाज, थोडा धूर, मग लोकांच्या शिट्ट्या. मी माइक ओढला. "ही आमच्या मेस्त्रींची कारागिरी!" मांडव हसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. बराच वेळ आत बघत राहिले.

"बॅटरीच लावलंस मां?"

"होय."

"बरा."

आठवड्याने पेटी दुरुस्त होऊन आली. पण बाजाराला विषय मिळाला होता. "मेस्त्री, माझो रेडिओ गातलो की जळतलो?" मीही तिथे उभा असायचो. हसायचो. वर्षभरात गिऱ्हाईक तुटलं. दुकान बंद करून ते देवगडला आंब्याचे खोके ठोकायला गेले. तिथेच वारले. मी गेलो नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या मांडवात असेल, तर ऐका. मेस्त्रींचं काम कच्चं नव्हतं. खोटं मी बोललो.

ते गेल्यावर एकदा आतली एक वायर सुटली म्हणून मी ती पेटी पहिल्यांदा उघडली. चिप त्यांच्याकडची दुसरी होती. आणि बाहेरची वीज आत येते तिथे एक डायोड नव्याने बसवलेला, निगुतीने डाख दिलेला. वीज उलटी आली तर तो अडवतो. बॅटरीच लावणाऱ्याला त्याची गरज नसते.

मेस्त्रींनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.