मावशीच्या हाताच्या खुणा

श्रद्धेने माणसाला बळ येतं, असं परवा एक वक्ते व्यासपीठावरून सांगत होते. तेवढ्यात समईला लावलेल्या ओल्या कुंकवाचा वास आला आणि मला कडा गावची माझी मावशी आठवली. गावात पहिला एसटीडी बूथ आला त्या वर्षी कॅन्सरमुळे तिचा उजवा स्तन काढला होता. व्रण ओढायचा, हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हटल्यावर सासू म्हणाली, "आता काय तालमीत धाडायचं का हिला?" व्यायाम एवढाच, की भिंतीवर बोटं चालवत रोज थोडं वर जायचं आणि पोचू तिथे खूण करायची. मावशी कुंकवाचं बोट टेकवायची. "आजून वीतभर गेला हात, की माझा अंबाडा मीच घालीन बग," ती मला म्हणाली. मग औषधाच्या सलाईनसाठी ती चार दिवस नगरला गेली. परतली तोवर, तिची विचारपूस करायला येणाऱ्या बायकांनी त्या ठिपक्यांना हळद वाहून नारळ फोडला होता. तिने भिंतीला बोटं लावताच सासू ओरडली, "देवीच्या अंगावर बोटं नाचवतीस व्हय?" "आत्याबाई, माज्या हाताच्या खुणा हायेत त्या." "देवी आलीय, आता तीच बरं करंल. तू गप पडून ऱ्हा." मावशी पडून राहिली, हात आखडला, आणि ती जाईपर्यंत तिचा अंबाडा सासूच घालत होती. मागच्या महिन्यात मी कड्याला गेलो, तर त्या भिंतीला ठिपक्यांभोवती फरशी बसवलेली होती. देवी हातदुखीला पावते, असं शेजारीण म्हणाली.