विहिणीनं अडवलेला ड्रोन

येलदरी धरणाच्या पाण्याकाठची वनखात्याची जमीन नर्मदाबाईंच्या राखणीत आहे. काम रोजंदारीचं, पण तोरा असा, की जणू सातबारा त्यांच्याच नावावर. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या रेतीत टिटव्या आणि सुरय पक्षी अंडी घालतात. ना घरटं, ना आडोसा. वर काही घोंघावलं की पक्षी अंडी सोडून उठतात आणि मे महिन्याचं ऊन ती भाजून काढतं. म्हणून परवानगीशिवाय ड्रोन उडवायला तिथं मनाई आहे. तसा फलकही आहे. तो वाचायची तसदी कुणी घेत नाही. नर्मदाबाईंचा आवाज मात्र पलीकडच्या काठावर ऐकू जातो. जिंतूरहून रील करायला आलेल्या पोरांना त्यांनी असं झापलं होतं, की एकाची चप्पल तिथंच राहिली.

अशी ही बाई लेकीच्या लग्नाची सुपारी फुटताना मात्र गरीब गाय झाली. राजेश्री एकुलती एक. स्थळ सोनपेठचं, व्याही दत्तराव कापडदुकानवाले, माणसं तालेवार. ते म्हणतील त्याला नर्मदाबाई हो म्हणत गेल्या. बँड पाहिजे, हो. मानाची लुगडी, हो. ड्रोनचं शूटिंग, त्यालाही हो. नवऱ्यानं, बन्सीधरनं, हळूच कोपर मारलं. पण बाईंना वाटलं, उडेल मांडवावर, आपल्या बापाचं काय जातं?

लग्न थाटात लागलं. वरात निघण्याआधी नवरा-नवरीनं पाण्याकाठच्या म्हसोबाला नारळ फोडायचा, हा गावचा रिवाज. आणि म्हसोबा नेमका वनखात्याच्या हद्दीत. नारळ फुटला आणि फोटोवाल्या नागेशनं जीपमधून ड्रोनची पेटी काढून खाली ठेवली.

इथं उडवता येणार नाही, नर्मदाबाई म्हणाल्या. दत्तरावांना आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांनी सुपारीत चारचौघांसमोर दिलेला शब्द काढला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. राजेश्री मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून उभी होती. सुपारीतला शब्द फिरला तर उट्टं कुणावर निघतं, हे नर्मदाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्याही सासुरवास भोगून आलेल्या. उडू दे एक फेरी, कोण बघतंय, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊनही गेलं.

मग त्या पुढं झाल्या आणि नव्याकोऱ्या लुगड्यानिशी त्या पेटीवरच जाऊन बसल्या.

नागेश कळवळला. आत नाजूक वस्तू आहे, म्हणाला. बाई हलल्या नाहीत.

"पाव्हणं, चुकी माजी हाय," त्या दत्तरावांना म्हणाल्या. "इचार न करता हो म्हनले. तुमचे पाय पुन्यांदा धुते, पदर पसरते. पर हितं उडवू देनार न्हाई. राग माज्यावर काडा, माज्या लेकरावर काडू नका."

दत्तराव तरातरा जीपमध्ये जाऊन बसले. त्यांची बायको मथुराबाई तेवढी थांबली. डोळे बारीक करून रेतीत अंड्यांवर बसलेल्या टिटव्यांकडं बघत राहिली आणि मग नागेशला पेटी उचलून गाडीत ठेवायला सांगितलं. वरात मुक्यानंच निघाली.

पुढं नर्मदाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोनवर राजेश्री 'बरं हाय' म्हणायची, पण सासरहून लेक दुसरं काय म्हणणार? रेतीत पिल्लं तुरुतुरु धावायला लागली, तर बाईंना आनंद व्हायच्या ऐवजी रडू यायचं. तुमच्यापायी माझ्या लेकीला काय काय ऐकावं लागत असेल, असं त्या पिल्लांनाच सुनवायच्या.

नागपंचमीला राजेश्री माहेरी आली. नर्मदाबाईंनी तिला धड पाणीही पिऊ दिलं नाही. सासू टोमणे मारते का, सासरा बोलतो का, खरं सांग, म्हणाल्या.

मामंजी बरेच दिवस फुगून होते, राजेश्रीनं कबूल केलं. मग सासूचं सांगताना ती हसली.

"आत्याबाई धाकट्या दिरासाठी पोरगी बघायल्यात. स्थळ घेऊन आलेल्याला म्हनत्यात, पोरगी मागून दाखवा, आदी तिची आई दाखवा. आमच्या राजेश्रीच्या आईवानी असंल तरच म्होरं बोलू."

नर्मदाबाईंनी लेकीला कवटाळलं आणि वरातीच्या दिवशी गिळलेलं सगळं रडू मोकळं केलं.