लाखोरीचे चौदा दाणे

"अंगठा लाव." गोंदियाच्या त्या दवाखान्यातल्या बाबूनं माझा हात धरला अन् निळ्या शाईत दाबला. मी बारावी पास होती. "मले सही येते," म्हटलं. फारमावरचं माझं आडनाव पाहून तो हसला. "तुमच्या वस्तीत कवापासून सह्या करून राहिले?"

डॉक्टर समोरच होते. ऐकलं अन् कागद चाळत राहिले. मी गिळलं. मोठ्या आतड्याले सूज, जखमा, संडासवाटे रक्त. नव्या औषधाची माणसांवर तपासणी चालू होती, गोळ्या फुकट होत्या. दुसरा रस्ता नव्हता.

घरी रोज वहीत लिहायचं होतं. कितीदा संडासले गेली, रक्त पडलं का. अंगात त्राण नसे. मंग मायनं तोड काढली. खळ्यावर धान मोजताना मापागणिक एक दाणा बाजूले ठेवतात ना, तसंच. गेली का वाटीत लाखोरी डाळीचा दाणा, रक्त पडलं का सोबत तुरीचा. संध्याकाळी मोजून वहीत लिहायचं. आधी सहा. मंग नऊ. महिन्याभरानं दिवसाले चौदा लाखोरीचे, अन् तुरीचेही चौदा. माय दाणे पुन्हा मोजून पाहे.

दुसऱ्या खेपेले बाबूनं माझी वही बाजूले सारली. "मळली हाय. साफ वहीत उतरवली. पानापानावर अंगठा मार."

मी ती साफ वही वाचली. दिवसाले दोनदा. रक्त नाही. रोज तेच, महिनाभर. इथं माझं रक्त जाऊन राहिलं होतं अन् कागदावर मी बरी होऊन राहिली होती!

"हे खोटं हाय," मी डॉक्टरले म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "अंगूठा लगाओ, नहीं तो दवा बंद."

बाबूनं पुन्हा हात धरला. मी झटकला. शाईची डबी खाली पडली. टेबलावरचा पेन घेतला, पानापानावर रेघ ओढली, माझे आकडे लिहिले अन् खाली आडनावासकट सही केली. गोळ्या तिथंच ठेवल्या. भेव वाटलं, लय वाटलं. गावची, कामठ्याची गाडी येईपर्यंत दोनदा रक्त पडलं.

बाहेर बाकावर आमच्याच वस्तीतले दोघं बसले होते. अंगठे निळे. त्यांच्या वह्या मी वाचल्या नाही. त्यातला एक पावसाळ्यात वारला. कागदावर तो बरा झाला असन. तेच मले खाते.

दुखणं अजून हाय. पण आता वस्तीत दवाखान्याचा कागद आला का आधी माझ्या हाती येते. मी मोठ्यानं वाचल्याबिगर एकही अंगठा शाईत जाणार नाही. कोणाची टाप हाय, या म्हणावं हात धराले.