चार मोजेपर्यंत दिसेल तेवढा माणूस

रत्नागिरीहून येताना पाली सोडून कोल्हापूरच्या बाजूला निघालात की एका अवघड वळणावर सिमेंटचा माणूस उभा आहे. चंदेरी रंग फासलेला, काळ्याभोर मिशांचा. माणूस मी केला. रंग आणि मिशा कमिटीच्या. हे इतक्या जणांना सांगून झालंय की आता माझाच मला कंटाळा येतो.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. मी रत्नागिरीत ड्रॉइंग मास्तर होतो. त्या वळणावर प्रवाशांच्या एका सर्व्हिस मोटारीसमोर अचानक बैलगाडी आली. ड्रायव्हरने मोटार दरीकडे न नेता जांभ्याच्या दरडीवर घातली. आतली माणसं वाचली, तो गेला. त्याचा पुतळा करायचं ठरलं, कमिटी झाली आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

त्याची बायको तिथल्याच वाडीतली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मांडीवर वर्षाची पोर घेऊन ती म्हणाली, "मास्तर, हिला बाप दाखवायचा कुठून? तुम्ही कराल तोच हिचा बाप." ते ऐकल्यावर माझी झोप उडाली.

आता मला सांगा, त्या वळणावर ना घर, ना दुकान. पुतळा बघणार कोण? धावत्या मोटारीतली माणसं. म्हणून मी चार रविवार ड्रायव्हरशेजारी बसून त्या रस्त्याने हेलपाटे घातले. वळण आलं की मोजायला लागायचं. चार म्हणेपर्यंत जागा मागे पडलेली. तेवढ्यात नाक दिसत नाही, बटण तर नाहीच नाही. दिसते ती उभं राहण्याची ढब आणि हात. मग मी माणूस किंचित उजवीकडे झुकवला. ड्रायव्हर लोक खिडकीबाहेर काढतात तसा त्याचा उजवा हात वर काढला आणि पंजा सुपाएवढा केला. चेहऱ्यावर नुसते मोठे उतार ठेवले, डोळ्यांच्या जागी दोन खळगे.

कमिटी मांडवीला माझ्या घरामागच्या पडवीत आली आणि पुतळ्याला नाक लावून उभी राहिली. "हाताला सूज आलीय का?" "शर्टाची बटणं राहिली." एक म्हणाला मिशा पिळदार होत्या, दुसरा म्हणाला कातरलेल्या, तिसऱ्याच्या मते त्याला मिशाच नव्हत्या. मी म्हटलं, "अहो, हे मोटारीतून बघायचंय." अध्यक्ष म्हणजे निवृत्त मामलेदार. ते शांतपणे म्हणाले, "पण मास्तर, आत्ता आपण इथून बघतोय ना?" मी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी ड्रायव्हरच्या बायकोला बोलावून घेतलं. ती चेहऱ्याकडेच बघत राहिली, बराच वेळ. मग मान हलवली. "मास्तर, हे ते नाय."

कमिटीला काय, तेच हवं होतं. मला मात्र संताप आला. मी म्हटलं, पुतळा एकदा जागेवर नेऊन मोटारीतून बघा. तरी ही नाही म्हणाली तर मिशीचा केस न् केस कोरून देतो.

बैलगाडीतून पुतळा वळणावर नेऊन उभा केला. एका आंबेवाल्या व्यापाऱ्याची मोटार मागून आणली. अध्यक्ष पुढे बसले, मी आणि पोरीला घेऊन ती मागे. मोटार हातखंब्याच्या पुढे जाते न जाते तोच अध्यक्षांनी खिशातून लिंबू काढलं, नाकाला लावलं आणि डोळे घट्ट मिटले. त्यांना गाडी लागायची. रस्त्यावरच्या पुतळ्याचा निकाल देणारा हा माणूस, आणि रस्ता म्हणून कधी बघितलेला नाही. मी दातओठ खात बसलो.

वळण आलं. मी मोजायला लागलो. दोन म्हणतोय तोच शेजारी हालचाल झाली. तिने हात वर केला होता, मोटारीच्या खिडकीबाहेर, पुरता. मग मांडीवरच्या पोरीचा हात धरून तोही वर केला. चार झाले, पुतळा मागे पडला, तरी ती मान वळवून बघतच होती.

"ओळखलंत?" मी विचारलं.

"घरी आठवड्यातनं एक रात यायचे," ती म्हणाली. "बाकी रोज मी शेतात, नि ते मोटारीत. असाच हात करून जायचे. तेवढ्यात तोंड कुठं दिसतंय, मास्तर?"

पुढच्या सीटवर लिंबामागून अध्यक्षांनी विचारलं, "वळण आलं का हो?"